पट्टीवरची रेघ वाचण्याआधी: आरोग्य केंद्रात रॅपिड टेस्ट नव्याने करणाऱ्यांसाठी

मी बीड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. रुजू झालो त्याच आठवड्यात किटचा खोका हातात आला. सोबत सांगणं एवढंच, "आत कागद आहे, वाचून घ्या." कागदावरचं अक्षर मुंगीएवढं, भाषा इंग्रजी, आणि बाहेर बाकड्यावर तापाने फणफणलेली माणसं. डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा) करताना आम्ही मोठी यंत्रं शिकलो होतो. चार बोटं लांबीच्या या प्लॅस्टिकच्या पट्टीबद्दल कुणी नीट तासभरही बोललं नव्हतं. पहिल्या दोन वर्षांत माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांतल्या बऱ्याचशा कुणी आधी सांगितलं असतं तर टळल्या असत्या. म्हणून हे लिहितो आहे.

नवे तंत्रज्ञ, उपकेंद्रावरचे सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आणि आरोग्य सेविका यांच्यासाठी हे आहे. विषाणूंच्या पट्ट्यांपुरतंच बोलतो: डेंग्यू, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, कोविड. प्रत्येक कंपनीच्या किटमध्ये थेंबांची संख्या आणि वाचायची वेळ वेगळी असते. माझं लिहिणं आणि खोक्यातला कागद यांत फरक दिसला तर कागदाचं ऐका.

१. पट्टी नेमकं काय शोधते, ते आधी समजून घ्या

दिव्याची वात तेल ओढते तशी पट्टीच्या आतली नायट्रोसेल्युलोजची पांढरी चिंधी रक्तातलं पाणी पुढे ओढते. वाटेत त्या पाण्याला सोन्याचे अतिसूक्ष्म कण भेटतात. आपल्याला दिसते ती लालसर जांभळी रेघ बहुतेक किटमध्ये या सोन्याच्या कणांचीच असते. पुढे दोन जागी न दिसणाऱ्या आडव्या रेघा आधीच मारलेल्या असतात. 'टी' म्हणजे टेस्टची आणि 'सी' म्हणजे कंट्रोलची. शोधायची वस्तू नमुन्यात असेल तर सोन्याचे कण टी रेघेवर अडकतात. ती असो वा नसो, सी रेघेवर मात्र ते अडकायलाच हवेत.

सी रेघ उमटली म्हणजे सगळं बरोबर झालं, असं मी कितीतरी दिवस समजत होतो. पाणी शेवटपर्यंत पोचलं आणि रसायन जिवंत आहे, एवढंच ती सांगते. बऱ्याच किटमध्ये रक्त न घालता नुसता बफर (किटसोबतचं द्रावण) टाकला तरी सी रेघ येते. रक्त पुरेसं पडलं की नाही, हे तुमच्या डोळ्यांनीच बघायचं असतं.

दुसरी गोष्ट, पट्ट्या दोन जातींच्या असतात. काही खुद्द विषाणूचा तुकडा शोधतात, त्याला अँटिजेन म्हणतात: डेंग्यूचं एनएस-१, हिपॅटायटिस बीचं एचबीएसएजी, कोविडची नाकातली टेस्ट. काही आपल्या शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधतात: डेंग्यूचं आयजीएम, हिपॅटायटिस सी, आणि आपल्याकडच्या बहुतेक एचआयव्ही पट्ट्या. प्रतिपिंडं तयार व्हायला वेळ लागतो. म्हणून लागण झालेल्या माणसाचीही पट्टी सुरुवातीला कोरी राहू शकते. एचआयव्हीत हा काळ काही आठवड्यांचा, जास्तीत जास्त ३ महिन्यांच्या आसपास धरतात. कोणती पट्टी कोणत्या जातीची, हे एका कागदावर लिहून टेबलासमोरच्या भिंतीला चिकटवा. माझ्या भिंतीवर तो कागद अजून आहे.

२. टेबलावर काय काय हवं

काम सुरू करण्याआधी हे सगळं हाताशी असू द्या. रुग्णाचं बोट टोचल्यावर शोधाशोध करायला वेळ नसतो.

- किट आणि त्याच लॉटची (एकाच वेळी बनलेल्या मालाची) बफरची बाटली
- किटसोबत आलेला ड्रॉपर (दुसऱ्या किटचा चालत नाही, थेंब लहानमोठा पडतो)
- एकदाच वापरायची लॅन्सेट (बोट टोचायची सुई), स्पिरिट स्वॅब, कोरडा कापूस
- हातमोजे, कोविडचा नमुना घेताना मास्कही
- काच-प्लॅस्टिकवर लिहिणारा मार्कर पेन
- टायमर (मोबाइलचा चालतो, पण प्रत्येक पट्टीवर सुरू केल्याची वेळ लिहायचीच)
- न भोसकणारा पांढरा डबा, लाल आणि पिवळी पिशवी
- १ टक्का हायपोक्लोराइट, त्या दिवशी तयार केलेलं
- चांगला उजेड. लाइट गेली तर बॅटरी

कागदपत्रांत लॅब रजिस्टर, संमतीपत्र, रेफरल चिठ्ठ्या, गरोदर मातेचं माता बाल संरक्षण कार्ड आणि तिचा आरसीएच (माता-बाल आरोग्य नोंदणीचा) नंबर, साठ्याचं रजिस्टर आणि तापमानाचा तक्ता. तापमानाचा तक्ता बहुतेक ठिकाणी फक्त लशींच्या फ्रिजवर लटकलेला असतो. किटच्या कपाटालाही एक लावा. का, ते पुढच्याच मुद्द्यात येतं.

३. किट उन्हापासून वाचवा

मराठवाड्यात काम करणाऱ्यांसाठी हा मुद्दा सगळ्यात मोठा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

बहुतेक पट्ट्यांच्या खोक्यावर २ ते ३० अंश लिहिलेलं असतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या घरात जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. पट्टीवरची प्रतिपिंडं म्हणजे प्रथिनं. उष्णतेने ती हळूहळू निकामी होतात आणि बाहेरून काहीही दिसत नाही. पाकीट कोरं करकरीत, मुदत अजून वर्षभराची, आणि पट्टी मेलेली.

माझ्याकडून झालेलं सांगतो. एका मे महिन्यात तांड्यावर गरोदर मातांचं शिबिर होतं. किटचा खोका मी मोटारसायकलच्या डिकीत टाकला. वाटेत दोन ठिकाणी काम होतं, गाडी उन्हात उभी राहिली. शिबिरात पहिल्या तीन पट्ट्यांवर सी रेघ इतकी पुसट आली की तिला रेघ म्हणायचं की नाही, कळेना. अख्खा खोका बाद करावा लागला. बाया सकाळपासून काम सोडून बसल्या होत्या, त्यांना परत पाठवलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो तेव्हा सगळ्या आल्या नाहीत. त्या दिवशी सी रेघ पुसट आली म्हणून किमान कळलं तरी. ती ठळक आली असती आणि टी रेघच मेलेली असती, तर मी त्या सगळ्यांना "काही नाही" असं लिहून दिलं असतं.

तेव्हापासून मी हे पाळतो:

खोका आला त्या दिवशीच उघडून मुदत, लॉट आणि मोजदाद तपासा. तालुक्याहून तो कोणत्या गाडीतून, किती वाजता आला, तेही विचारा. सकाळची गाडी मागून घ्या.

किट केंद्रातल्या सगळ्यात गार खोलीत ठेवा. पश्चिमेची भिंत आणि पत्र्यालगतचा वरचा कप्पा टाळा. खालचा कप्पा चांगला. कपाटात कमाल-किमान तापमान दाखवणारा थर्मामीटर ठेवा आणि दिवसातून दोनदा आकडे लिहा.

लशींच्या आयएलआरमध्ये (खास फ्रिजमध्ये) किट ठेवू नका. तो फक्त लशींसाठी आहे, आणि तळाशी किट गोठून खराब होण्याचीही भीती असते. लॅबचा साधा फ्रिज असेल तर २ ते ८ अंशाच्या कप्प्यात ठेवता येतात. पण बाहेर काढल्यावर पाकीट लगेच फोडायचं नाही. अर्धा तास बंदच राहू द्या, नाहीतर हवेतला ओलावा पट्टीवर जमतो.

फ्रिज नसेल, लाइटचा भरवसा नसेल, तर आपल्याकडच्या माठाची युक्ती कामाला येते. हवाबंद डब्यात किट ठेवा, तो डबा मोठ्या कोरड्या माठात, आणि माठाभोवती ओलं गोणपाट. उन्हाळ्यात आपली हवा इतकी कोरडी असते की बाहेरच्यापेक्षा आत बरंच गार राहतं. थर्मामीटर आतच ठेवायचा, अंदाजावर जायचं नाही. पावसाळ्यात हा उपाय चालत नाही, कारण दमट हवेत गोणपाट वाळतच नाही आणि ओल आत शिरते.

पाकिटात रसायनाची एक छोटी पुडी असते. ती ओलावा शोषते. पुडी नसेल, पाकिटाला भोक असेल किंवा पुडीने रंग बदललेला असेल, तर ती पट्टी वापरू नका. पाकीट फोडलं की लगेच टेस्ट करा. शिबिरात वेळ वाचावा म्हणून दहा पट्ट्या आधीच फोडून मांडून ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. तसं कधीच करू नका.

आणि नवा लॉट आला की आधी माहीत असलेल्या एका पॉझिटिव्ह आणि एका निगेटिव्ह नमुन्यावर चालवून बघा. असे नमुने ग्रामीण रुग्णालयाच्या किंवा जिल्ह्याच्या लॅबकडे मागता येतात. मागायला संकोच करू नका.

४. आधी बोला, मग टोचा

डेंग्यूच्या टेस्टचा अर्धा निकाल 'ताप कधीपासून' या एका प्रश्नात असतो. एनएस-१ तापाच्या पहिल्या ५ दिवसांत चांगलं सापडतं, पुढे कमी होत जातं. आयजीएम साधारण पाचव्या दिवसानंतर दिसायला लागतं. दुसऱ्या दिवशी आयजीएमची पट्टी लावली किंवा नवव्या दिवशी फक्त एनएस-१ ची लावली, तर पट्टी चांगली असूनही उत्तर चुकतं.

आता अडचण अशी की "कधीपासून?" विचारलं की उत्तर येतं, "चार-दोन दिस झाले की." तारीख विचारून उपयोग नाही. आपल्या लोकांचे दिवस बाजारावर मोजलेले असतात. "मागच्या बाजाराला गेला होतात का? तेव्हा अंग तापलं होतं का? की बाजाराहून आल्यावर?" असं विचारलं की बिनचूक दिवस निघतो. एकादशी, अमावास्या, शाळेची सुट्टी, शेतातलं काम, काहीही धरा. आणि तो दिवस रजिस्टरमध्ये तारीख म्हणून लिहा.

एचआयव्हीच्या बाबतीत बोलणं हा कायद्याचा भाग आहे. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. माणसाची समजून-उमजून दिलेली संमती आणि निकालाची गुप्तता, दोन्ही बंधनकारक आहेत. गरोदर बाईसोबत सासू आलेली असते. सासूला आदराने बाहेर बसवा, "काकू, जरा पाच मिनिटं बाहेर टेका, वजन-बीपी करून घेतो." मग मुलीशी एकटीशी बोला. टेस्ट कशाची आहे, का करतो, नाही म्हणायचा तिला हक्क आहे, निकाल तिलाच सांगणार, हे सगळं तिच्या भाषेत सांगा. "सगळ्या मातांची करतो" हेही सांगा. त्याने निम्मी भीती जाते.

५. बोटातून रक्त

मधलं किंवा अनामिका, कमी वापरातल्या हाताचं. टोचायचं बोटाच्या टोकाच्या कडेला, मधोमध नाही. ऊसतोड करणाऱ्या, खुरपणी करणाऱ्या हातांची कातडी जाड असते, मधोमध टोचून नुसतं दुखतं आणि रक्त येत नाही. आधी कोमट पाण्याने हात धुवायला लावा, हात खाली सोडायला सांगा.

स्पिरिट पूर्ण वाळू द्या. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसा, दुसरा घ्या. बोट पिळू नका. पिळलं की रक्तासोबत पेशींबाहेरचं पाणीही येतं आणि नमुना पातळ होतो. ड्रॉपरमध्ये खुणेपर्यंत रक्त, मध्ये बुडबुडा नको. खाचेत रक्त, त्यानंतर कागदावर लिहिलेले तेवढेच थेंब बफर, बाटली उभी धरून. एका किटचा बफर संपला म्हणून दुसऱ्याचा वापरणं, त्यात सलाईन किंवा पाणी घालणं, यातून खोटी रेघ येते. बफर संपला तर उरलेल्या पट्ट्या बाद धरा.

पट्टीवर रुग्णाचा नंबर रक्त टाकायच्या आधी लिहा. गर्दीत दोन पट्ट्या शेजारी-शेजारी ठेवल्या आणि नंबर नंतर लिहू म्हटलं, की अदलाबदल ठरलेली.

६. वेळेवर वाचा, वेळेनंतर नाही

बहुतेक पट्ट्या १५ ते २० मिनिटांनी वाचायच्या असतात. आधी वाचलं तर पुसट रेघ उमटायची राहिलेली असते. उशिरा वाचलं तर पट्टी वाळताना एक राखाडी सावली उमटते आणि ती रेघ वाटते. दुपारच्या जेवणानंतर येऊन पाहिलेली पट्टी कोणताच निकाल सांगत नाही. ती फेकून पुन्हा करा.

वेळेत आलेली टी रेघ कितीही फिकी असली, तरी ती रेघच आहे. रेघेच्या गडदपणावरून आजार किती, हे ठरत नाही. सी रेघ नसेल तर टी असो-नसो, टेस्ट बाद, नवी पट्टी लावा. त्याच लॉटच्या दोन पट्ट्या लागोपाठ बाद झाल्या तर तो लॉट बाजूला ठेवून वरिष्ठांना कळवा. शंका असेल तर दुसऱ्या माणसाला बोलवा आणि तुमचं मत न सांगता त्यांना वाचू द्या.

७. रेघ आली किंवा नाही आली, म्हणजे काय

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. आधी एक हिशेब डोक्यात बसवा. धरा, गावात १००० जणांची तपासणी केली आणि त्यातल्या १० जणांना खरोखर लागण आहे. पट्टी १०० पैकी ९९ लागण झालेले ओळखते आणि १०० पैकी ९८ निरोगी बरोबर सांगते. ऐकायला उत्तम. १० पैकी जवळपास १० सापडतील. पण उरलेल्या ९९० निरोगी माणसांत २ टक्के म्हणजे सुमारे २० जणांवरही रेघ उमटेल. म्हणजे ३० रेघांतल्या २० खोट्या. पट्टी चांगली असूनही हे होतं, कारण आजारच विरळा आहे. म्हणून पहिल्या पट्टीवर कुणाच्या कपाळी आजार लिहायचा नाही. दुसरी, वेगळ्या प्रकारची टेस्ट लागते.

*एचआयव्ही.* आपल्या केंद्रातली पट्टी फक्त चाळणी आहे. रेघ आली तर 'रिअॅक्टिव्ह' लिहा आणि आयसीटीसीकडे (सरकारी एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्राकडे) पाठवा. तिथे वेगवेगळ्या तीन टेस्ट करून मगच निकाल ठरतो. "पॉझिटिव्ह" हा शब्द तुमच्या तोंडून जाता कामा नये. रेघ नसेल आणि अलीकडे जोखमीचा प्रसंग झाला असेल, तर ३ महिन्यांनी पुन्हा टेस्ट. प्रसंग गेल्या ७२ तासांतला असेल तर तेवढी वाट पाहायची नाही, प्रतिबंधक औषधासाठी लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवा. माहितीसाठी १०९७ ही मोफत हेल्पलाइन सांगा.

*हिपॅटायटिस बी.* गरोदर मातेच्या पट्टीवर एचबीएसएजीची रेघ आली तर डॉक्टरांकडे तपासणी तर होईलच, पण बाळाची तयारी आजपासून सुरू करायची. बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं चांगलं, हिपॅटायटिस बीची लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शन लागतं. लस सगळीकडे असते. इम्युनोग्लोब्युलिन कुठे आहे, हे बाळंतपणाच्या रात्री शोधू नका, सातव्या महिन्यातच फोन करून विचारून ठेवा. आई बाळाला अंगावर पाजू शकते, हेही आवर्जून सांगा. घरचे नाहीतर दूध तोडतात.

*हिपॅटायटिस सी.* ही पट्टी प्रतिपिंडं शोधते, आणि आजार बरा झाल्यावरही ती रक्तात राहतात. विषाणू आज आहे की नाही, हे आरएनएच्या (विषाणूच्या जनुकीय द्रव्याच्या) टेस्टनेच कळतं. आजार असेल तर बहुतेकांना १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरं वाटतं, नव्हे, ते पूर्ण बरे होतात. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सी दोन्हींची तपासणी व उपचार मोफत आहेत. जमीन गहाण टाकायला निघालेल्या माणसाला हे वाक्य वेळेवर सांगणं फार गरजेचं असतं.

इथे एक सापळा आहे. डोळे पिवळे झालेला माणूस येतो, बी आणि सीची पट्टी कोरी येते, आणि गावात निरोप जातो, "काविळीची टेस्ट निगेटिव्ह." मग तो माळ घालायला, नाकात औषध घालायला जातो. टँकरच्या, आडाच्या पाण्यातून होणारी कावीळ ए आणि ईची असते आणि या दोन पट्ट्यांना ती दिसतच नाही. गरोदर बाईला ई ची कावीळ जिवावर बेतू शकते. पिवळे डोळे दिसले की पट्टी काहीही म्हणो, डॉक्टरांकडे पाठवा.

*डेंग्यू.* रॅपिड पट्टीवर रेघ आली तर सरकारी व्याख्येप्रमाणे तो संभाव्य रुग्ण. पक्कं करायला रक्त सेंटिनेल केंद्राकडे (सरकारने नेमलेल्या लॅबकडे) एलायझासाठी, म्हणजे लॅबमधल्या पक्क्या टेस्टसाठी, पाठवायचं. तिथे आयजीएम शोधायला वापरतात ते किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतून येतं. नमुना गार डब्यातून, नाव-तारीख-तापाचा दिवस लिहून. आयजीजीची (उशिरा बनून टिकून राहणाऱ्या प्रतिपिंडाची) रेघ एकटी असेल तर ती बहुधा जुन्या लागणीची असते, आत्ताच्या तापाला तिला जबाबदार धरू नका. तालुक्याच्या ठिकाणी आयजीजीच्या रेघेवर लोकांना सलाईन लावलेलं मी पाहिलं आहे.

आणि लोक विचारतात ते "पेशी किती झाल्या?" पेशींचा आकडा डॉक्टरांना लागतो, पण पट्टीवरून तो कळत नाही. पट्टी कोरी असली तरी पोटात जोरात दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून रक्त, सुस्ती, ताप उतरताना हातपाय गार पडणं, यांतलं एक जरी दिसलं तरी रुग्णाला थांबवू नका, पुढे पाठवा. ताप उतरला म्हणून घरचे निर्धास्त होतात, आणि नेमके तेच दिवस धोक्याचे असतात. तापाला पॅरासिटॅमॉल. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळायला सांगा, कारण रक्तस्राव वाढतो. गावात दुखण्याचं इंजेक्शन पटकन टोचून घ्यायची सवय आहे, त्यावर स्पष्ट बोला.

दुष्काळात डेंग्यू कसा, असं नवे लोक विचारतात. पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, म्हणून प्रत्येक घरात रांजण, टिपाडं, हौद भरलेले. डेंग्यूचा डास त्याच स्वच्छ पाण्यात वाढतो. रेघ दिसली की त्या घरी आशाताईंना घेऊन जा आणि भांडी झाकून आठवड्यातून एकदा घासून कोरडी करायला लावा. नुसतं पाणी ओतून चालत नाही, अंडी भिंतीला चिकटलेली असतात.

*कोविड.* आयसीएमआरने १४ जून २०२० ला पहिल्या अँटिजेन टेस्टला परवानगी देताना तिच्या अचूकतेचे आकडे छापले होते. निरोगी माणसाच्या पट्टीवर रेघ सहसा येत नाही (९९.३ ते १०० टक्के निरोगी बरोबर ओळखले). पण लागण झालेल्यांतले ५०.६ ते ८४ टक्केच सापडले. म्हणून लक्षणं असताना पट्टी कोरी आली तर आरटी-पीसीआर किंवा ट्रूनॅट करायचं. ट्रूनॅट यंत्र बॅटरीवर चालतं, त्यामुळे लाइट गेली तरी अडत नाही. जवळचं यंत्र कुठे आहे, ते माहीत करून ठेवा. घरच्या किटवर टेस्ट केलेली माणसं येतात, त्यांना स्वॅब दोन्ही नाकपुड्यांत फिरवला होता का आणि किती वेळाने पाहिलं, हे विचारा.

८. सुई टोचली तर, आणि कचरा

लॅन्सेट पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे आणि वापरलेली प्लॅस्टिकची पट्टी लाल पिशवीत. टेबल १ टक्का हायपोक्लोराइटने पुसायचं. लॅन्सेटवर टोपण परत घालू नका.

स्वतःला टोचलं तर साबण-पाण्याने धुवा, बोट पिळू नका, तोंडात घालू नका. लगेच डॉक्टरांना सांगा. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्यतो २ तासांत, आणि ७२ तासांच्या पुढे नाही. हे लपवलेली माणसं मला माहीत आहेत, रात्र-रात्र जागून काढतात. लपवू नका. आणि हिपॅटायटिस बीच्या लशीचे तीन डोस (आज, १ महिन्याने, ६ महिन्यांनी) कामाला लागायच्या आधीच सुरू करा.

९. साठा आणि नोंदी

ज्याची मुदत आधी संपते, तो खोका पुढे. रजिस्टरमध्ये लॉट नंबर प्रत्येक निकालासमोर लिहा. लॉट खराब निघाला तर कुणाकुणाला परत बोलवायचं, हे त्यावरूनच कळतं. तापाचे रुग्ण आयएचआयपीवर (सरकारच्या आजार-नोंदणी पोर्टलवर) भरताना डेंग्यूची टेस्ट पट्टी की एलायझा, हे नीट नोंदवा. रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून बाहेरून किट घ्यायची वेळ आली तर खोक्यावर परवाना क्रमांक आहे का, ते बघा. 'फक्त संशोधनासाठी' असं छापलेलं किट रुग्णावर वापरायचं नाही.

१०. टोळी निघण्याआधी

बीड, जालना, परभणी, धाराशिव या भागात काम करणार असाल तर तुमचं कॅलेंडर साखर कारखान्याचं असतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. ३ महिन्यांनी परत या, पुढच्या महिन्यात आरएनएची टेस्ट, सातव्या महिन्यात तपासणी, असं आपण लिहून देतो तेव्हा ती बाई ३०० किलोमीटरवर उसाच्या फडात असते.

एका वर्षी हिपॅटायटिस बीची रेघ आलेली एक माता टोळीसोबत जाणार होती. उचल (मुकादमाकडून आगाऊ पैसे) घेतलेली, थांबणं शक्य नव्हतं. "साहेब, मुकादम काय थांबतोय व्हय," एवढंच ती म्हणाली. आमच्या सिस्टरांनी कोणत्या कारखान्यावर जाणार, ते विचारलं, तिथल्या आरोग्य केंद्राचा नंबर शोधला, तिथल्या आशाताईंशी तिचं फोनवर बोलणं करून दिलं. कार्डाचा फोटो तिच्या नवऱ्याच्या मोबाइलमध्ये ठेवला. बाळ तिकडेच जन्मलं आणि लस व इंजेक्शन त्याच दिवशी मिळालं. तो फोन आला तेव्हा सिस्टर लॅबमध्ये येऊन रडल्या.

तेव्हापासून आम्ही सप्टेंबरमध्येच हे करतो: जाणाऱ्या गरोदर मातांची यादी, सगळ्या टेस्ट निघण्याआधी, प्रत्येकीचे दोन मोबाइल नंबर, कारखान्याचं गाव, तिथल्या केंद्राचा नंबर. निकाल मुकादमाला किंवा टोळीतल्या कुणालाही सांगायचा नाही, फोनवर बोलताना आजाराचं नावही घ्यायचं नाही, फक्त "तुमची तारीख आली आहे" एवढंच. ज्यांची पुन्हा टेस्ट राहिली आहे त्यांची नावं वेगळ्या वहीत. गुढीपाडव्याच्या सुमारास टोळ्या उतरायला लागतात. ट्रॅक्टर गावात शिरल्याचं आशाताईंना सगळ्यात आधी कळतं. त्या आठवड्यात ती वही आणि गार डबा घेऊन त्यांच्यासोबत वस्तीवर जा, संध्याकाळी सातनंतर, चूल पेटलेली असते तेव्हा. दिवसा कुणी घरी सापडत नाही.